तपासनिसाच्या घरची दोन डोकी

सुब्हियाने आयुष्यात पहिल्यांदा कात्री चालवली ती मेंढीवर. इर्बिद शहराच्या वरच्या अंगाला बापाची मेंढरं होती, आणि लोकर कातरायचे दिवस आले की सगळ्या भावंडांत हिचाच हात पुढे. मोठेपणी ती नवऱ्यामुलींचे केस करायला लागली तेव्हा एका विहीणबाईने टोमणा मारला, "ही काय केस करणार? ही तर मेंढ्या भादरणारी."

"खरंय तुमचं," सुब्हिया म्हणाली, "पण मेंढी बरी हो. आरशात बघून रडत तरी नाही."

नवरा रमथाच्या रस्त्यावर बस चालवायचा. भला माणूस होता, पण अल्लाला त्याची घाई झाली. मागे राहिला रातिब नावाचा मुलगा. आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून सुब्हिया सगळ्यांची उम्म रातिब, म्हणजे रातिबची आई. स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून ती बायकांचे केस कापायची. स्टुलाची खुर्ची झाली, खुर्चीचं दुकान झालं, शिकायला मुली यायला लागल्या, आणि एक दिवस फलाफलच्या दुकानावरच्या मजल्यावर पाटी लागली: महिला केशकला प्रशिक्षण शाळा. तिथून शिकून गेलेल्या मुलीच्या अंगाला निम्मा शाम्पूचा आणि निम्मा तळणाचा वास यायचा. त्यावरून सासरचे लोक ओळखायचे, ही उम्म रातिबच्या हाताखालची.

शाळेच्या दाराला जाडजूड मरून पडदा होता. पडद्याआड बायका डोक्यावरचा रुमाल काढून मोकळ्या बसायच्या. म्हणून पुरुष जातीला जिन्यातच थांबायची ताकीद. रातिब ब्रेड घेऊन आला तरी त्याने खालून हाक मारायची आणि हिने खिडकीतून टोपली सोडायची. पोटच्या पोराला ही गत, मग बाकीच्यांची काय कथा! एका पुरुषाचं नाक जरी पडद्याआत आलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या सासवांना कळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्यांवर फक्त माश्या बसल्या असत्या.

त्या खिडकीचीही एक गंमत होती. नगरपालिका म्हणायची, खिडकी झाकलेली पाहिजे, रस्त्यावरून आतलं दिसता कामा नये. शाळांना परवाना देणारं खातं म्हणायचं, खिडकी उघडी पाहिजे, रंगांचा वास बाहेर गेला पाहिजे. उम्म रातिब जिन्यावरच्या बुटांचा आवाज ऐकायची. नगरपालिकेचे बूट जड, खात्याचे हलके. त्याप्रमाणे खिडकी लावायची किंवा उघडायची. दोन्ही सरकारं खूश.

पण त्या वर्षी परवाना नव्याने करून घ्यायची वेळ आली आणि खात्यातल्या तपासनीस बाईंना जुळं झालं. त्या रजेवर. त्यातच नवा नियम निघाला: तपासनिसाने मुलींचं काम चालू असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, आणि तेही जिवंत माणसाच्या डोक्यावर, प्लास्टिकच्या नाही. एकदा केस कापणं, एकदा रंगवणं. हे झालं नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर महिनाअखेरीच्या सरकारी परीक्षेला शाळेच्या मुली बसणार नाहीत. आणि परीक्षेला बसवत नाही त्या शाळेत कोण आपली मुलगी पाठवेल? इतक्या वर्षांची पाटी उतरवून फलाफलवाल्याला टेबलाला द्यावी लागली असती.

बाईंच्या जागी आले उस्ताद मुंझिर. उस्ताद म्हणजे गवई नव्हे, आमच्याकडे शिकल्यासवरलेल्या साहेबाला असंच म्हणतात. इस्त्रीचा सदरा, बारीक मान, बगलेत फाइल. जिना चढून आले आणि पडद्यापाशी असे थबकले, जसं काही पडद्याला वीज लावलीय. उम्म रातिबने जिन्यातच खुर्ची टाकली, छोटं टेबल मांडलं, वेलची घातलेली कडू कॉफी आणून दिली.

उस्ताद मुंझिरनी कप हातात घेतला, "देव तुमचे हात सलामत ठेवो" म्हणाले, आणि न पिताच कप टेबलावर ठेवून दिला.

उम्म रातिबची नजर कपावर खिळली.

आता आमच्याकडे कुणी आलेला माणूस कॉफी न पिता कप खाली ठेवतो, तो उगाच ठेवत नाही. मुलीला मागणी घालायला आलेले वडीलधारे असाच कप ठेवतात. आमचं मागणं पुरं करा, मगच तुमची कॉफी पिऊ, असा त्याचा अर्थ. आणि खानदानी यजमान मागणं काय ते न विचारताच देऊन टाकतो.

उम्म रातिबने माणूस निरखला. चाळिशीचा, नोकरी सरकारी. आत पडद्यामागे सात मुली. कुणाला बघितलं असेल याने? शुरूकला? उंच आहे, हात कामसू आहेत, पण तोंड फटकळ. पडद्यामागे कुजबुज चालू झाली होती, म्हणजे मुलीही तोच हिशेब मांडत होत्या. मग तिच्या मनात भलतंच आलं. आपणही विधवाच आहोत. साठी जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे. नसता विचार! पण डोक्यावरचा रुमाल तिने सारखा केलाच.

मग ती ताठ बसली, बापाचा मान राखायचा म्हणून आवाज मोठा केला आणि म्हणाली, "उस्ताद, प्या तुमची कॉफी. ज्याच्यासाठी आलात ते तुम्हाला दिलं."

उस्तादांचा चेहरा उजळला. "खरंच? अल्ला तुमचं भलं करो! बाकीच्या शाळावाल्या नुसती हुज्जत घालतात हो." त्यांनी फाइल उघडली. "मला आत येऊन सराव बघायचाय. बायकांच्या डोक्यावर काम चालू असताना. माझ्या डोळ्यांनी."

पडद्यामागे काहीतरी खळकन पडलं.

"हे मागणं?" उम्म रातिब म्हणाली.

"हेच. दुसरं काय असणार?"

"मग कप का खाली ठेवलात?"

"नियम आहे, बाई. शाळेत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. लाच धरतात."

"अहो, कुणाच्या घरात वाढलात तुम्ही? कप खाली ठेवला म्हणजे काय होतं, माहीत नाही?"

तेव्हा कुठे उस्तादांच्या डोक्यात उजेड पडला. कानाच्या पाळ्या डाळिंबासारख्या लाल झाल्या. "या अल्ला! तुम्हाला वाटलं की मी..." ते खुर्चीतून उठलेच. "मी तुमचा शब्द तुम्हाला परत देतो. घ्या, परत घ्या!"

"शब्द म्हणजे काय खालचं फलाफल आहे, गार झालं म्हणून परत करायला? सात मुलींनी ऐकलाय तो."

"आठ," वरच्या मजल्यावरून शेजारणीचा आवाज आला. "मीही आहे."

आली का पंचाईत! याला आत घ्यावं तर गिऱ्हाईक गेलं. न घ्यावं तर परवाना गेला आणि वर बापाचं नाव गेलं. उम्म रातिब जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. उस्तादही बसले, दोन पायऱ्या सोडून.

"मला तरी कुठे आत यायचंय हो," ते रडवेल्या सुरात म्हणाले. "परक्या बायका उघड्या डोक्याने बसलेल्या. माझ्या आईला कळलं तर ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही."

उम्म रातिबने मान वर केली. "आई आहे तुम्हाला?"

"आहे. अल्ला तिला आयुष्य देवो."

"आणि बायको?"

"आहे की."

"त्यांची डोकी बघायला तुम्हाला कुणाची बंदी?"

उस्तादांनी नियमाचा कागद काढला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. जिवंत डोकं, असं लिहिलं होतं. कुणाचं, ते लिहिलं नव्हतं. मग ठरलं: मुली डोक्याला रुमाल बांधून काम करतील, बाहेरचं गिऱ्हाईक त्या दिवशी घ्यायचं नाही, उघडी असतील ती फक्त तपासनिसाच्या घरची दोन डोकी.

"पण पैसे मी पाटीवरच्या दराने देणार," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला. "एक अडचण आहे. आई आणि माझी बायको ईदपासून बोलत नाहीत."

"का बरं?"

"रिहामने द्राक्षाची पानं भात भरून वळली होती, जरा जाड झाली. आई पाहुण्यांसमोर म्हणाली, ही पानं आहेत की अंगठे?"

"बोलायचं कशाला?" उम्म रातिब म्हणाली. "डोकीच तर हवीत."

मंगळवारी दोघी आल्या. जिन्यात एक पुढे, एक मागे, मधे उस्ताद. आईचं नाव अर्थातच उम्म मुंझिर. ठेंगणी, गोल, डोळे कोंबडीसारखे सगळीकडे फिरणारे. रिहाम गोरी, अबोल, ओठ शिवल्यासारखे मिटलेले. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसल्या, आणि समोर एकच लांब आरसा, त्यामुळे तोंडं फिरवूनही दोघींना एकमेकींची तोंडं दिसतच राहिली.

रिहामने केस खांद्यापर्यंत कापायला सांगितले. कात्री चालली तशी उम्म मुंझिर छताकडे बघत म्हणाली, "मुंझिर, विचार तिला. देवाने दिलेलं शेपूट तोडून काय मिळतंय?"

"सांगा आईंना," रिहाम म्हणाली, "डोकं माझं आहे."

उस्ताद मधे उभे होते. त्यांनी फाइलमधे लिहिलं: टॉवेल स्वच्छ.

दुसऱ्या खुर्चीपाशी शुरूक. उम्म मुंझिरने भिंतीवरच्या चित्रातला बदामी रंग पसंत केला होता. शुरूकने शिकवल्याप्रमाणे आधी विचारलं, "मावशी, केसांना मेंदी लावलीय का? मेंदीवर हा रंग चालत नाही."

उम्म मुंझिरने एकदा सुनेकडे पाहिलं. "मी? छे! हा माझा मूळचा रंग. आमच्या घराण्यात पिकतच नाहीत."

शुरूकला बाईंचं घराणं ठाऊक नव्हतं, पण केस ठाऊक होते. तिने मानेजवळची एकच बट घेतली, रंग लावून थांबली, धुतली. बट बाहेर आली ती शिजवलेल्या मुलुखियाच्या भाजीसारखी हिरवीगार.

उस्तादांनी चष्मा पुसून पाहिलं. "हा हिरवा रंग कशाने आला?"

उम्म रातिबच्या जिभेवर उत्तर होतं. तुमची मातोश्री धडधडीत खोटं बोलली म्हणून आला. पण म्हातारीला सुनेसमोर खोटं पाडायचं? म्हातारपणी बाईजवळ दुसरं असतं तरी काय, सुनेसमोरच्या दिमाखाशिवाय? आणि चूक शुरूकच्या माथी मारावी तर परवाना गेला.

तेवढ्यात रिहाम बोलली. "माझी चूक आहे. काल न्हाणीघरात मी मेंदी भिजवून ठेवली होती. आईंनी शाम्पू समजून लावली असेल."

झालं! कुणालाही वाटलं असतं, म्हातारी सुटली. पण म्हातारी खुर्चीत सर्रकन वळली. डोक्यावर चिमटे, गळ्यात टॉवेल, आणि ईदनंतर पहिल्यांदा थेट सुनेच्या तोंडाकडे बघून तिने तोफ डागली.

"तू भिजवलीस? तू? जिला पानं वळता येत नाहीत ती मेंदी भिजवणार? गुठळी तरी होती का तिच्यात? मी भिजवली ती! डाळिंबाच्या साली घालून, माझ्या या हातांनी! परक्या घरी पांढरं डोकं कसं न्यायचं म्हणून काल लावली. आली मोठी मेंदी भिजवणारी!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. तिने तोंड घट्ट मिटलं आणि आरशातल्या हिरव्या बटेकडे अशी पाहू लागली, जसं ते दुसऱ्याच कुणाचं डोकं आहे. मुलींनी रुमालाची टोकं दातांत धरली. उम्म रातिब खिडकीकडे वळून खोकत राहिली.

उस्तादांनी बराच वेळ लिहिलं. "बट तपासली. धोका ओळखला. डोकं वाचवलं. हे छान." मग पेन थांबलं. "पण रंगाचं काम पुरं झालं नाही. एक पुरा रंग पाहिजे. तो झाल्याशिवाय मला सही करता येत नाही."

खोलीत मेंदी नसलेलं उघडं डोकं एकच उरलं होतं. सगळ्यांचे डोळे रिहामकडे गेले.

"मी नाही," रिहाम म्हणाली. "मी फक्त कापायला आलेय."

उम्म रातिबने तिच्या खुर्चीचा दांडा धरला. "पोरी, तुझ्या पाया पडते. माझी अख्खी शाळा तुझ्या केसांना लोंबकळतेय."

रिहामचा जीव थोडा हलला, पण ती नाहीच म्हणाली. तेव्हा उम्म मुंझिर छताकडे बघत म्हणाली, "बरोबर आहे तिचं. नकोच. तिच्या तोंडाला रंग शोभायचाच नाही. शिवाय माझ्या मुलाच्या घरात रंगीत केसांची बाई मला चालणार नाही."

रिहामने आरशातून सासूकडे पाहिलं. मग शुरूकला म्हणाली, "तांबूस. सगळ्यात गडद जो असेल तो."

शुरूकने असं काम आयुष्यात केलं नव्हतं आणि पुढेही क्वचितच केलं असेल. मुळापासून टोकापर्यंत एक केस सुटला नाही. उस्ताद घड्याळ बघत, उम्म रातिब ओठांतल्या ओठांत कुराणातल्या आयता पुटपुटत, म्हातारी चिमट्यांसकट तशीच. केस धुतले, वाळवले, आणि खिडकीतल्या उन्हात रिहामचं डोकं नव्या घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं चमकायला लागलं.

उस्ताद नियम विसरून बायकोकडे बघत राहिले. मग ओशाळून फाइलीत घुसले.

उम्म मुंझिर बराच वेळ सुनेला आरशातून न्याहाळत होती. शेवटी म्हणाली, "मुंझिर, तिला सांग. मागून बरं दिसतंय."

"त्यांना विचारा," रिहाम म्हणाली, "आणि पुढून?"

"पुढून तीच आहे."

रिहामला हसू आवरलं नाही. मग मुलींना आवरलं नाही. म्हातारीही हसली, पण ते आपल्या बुद्धीवर खूश होऊन.

उस्तादांनी सही केली, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद उम्म रातिबच्या हातात दिला. तिने तो उलटा धरला की सुलटा, हे त्या वेळी तिला दिसतच नव्हतं. महिनाअखेरीला सातही मुली परीक्षेला बसल्या.

म्हातारी मात्र जाता जाता जिन्यातून परत आली. पडदा थोडा बाजूला करून तिने शुरूकला हळूच विचारलं, ही मेंदी कधी उतरते गं? आणि सुनेला न सांगता रंग लावायला कोणत्या वारी यायचं, तेही तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.