गोलच्या मागची पहिली रांग

मी बावीस वर्षं ठाण्यात एका नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीत बसलो. माणूस समोर आला की तो कितीचं तिकीट घेणार, हे मी त्याच्या चपलांवरून सांगायचो, आणि अंदाज चुकला तर दोष चपलांचा. मग ऑनलाइन बुकिंग आलं. खिडकीशी लोक फक्त बाथरूम कुठे आहे ते विचारायला थांबू लागले, तेव्हा मी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि डोंबिवलीला घरी बसलो. घरी बसलेला जाणकार माणूस म्हणजे काय ताप असतो, ते माझ्या बायकोला विचारा.

आमची मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर होती. पहिल्या वर्षीच्या तिच्या सगळ्या मॅचेस रविवारी सकाळी झालेल्या, आणि रविवार सकाळ म्हणजे माझी खिडकीची ड्यूटी. मी एकही मॅच पाहिलेली नव्हती. ती गुडघे सोलून यायची आणि मी विचारायचो, "किती पब्लिक होतं?" ती म्हणायची, "दोन कुत्रे आणि वॉचमन." हे उत्तर मला बापापेक्षा बुकिंग क्लार्क म्हणून जास्त लागायचं.

एक दिवस ती रडवेली होऊन घरी आली. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांनी सांगितलेलं की मुलींचा संघ पुढच्या वर्षीपासून बंद, मैदान रविवारी शेजारच्या मंगल कार्यालयाला गाड्या लावायला द्यायचं. तिचं अजून एक वर्ष बाकी होतं. मी तडक त्यांना भेटायला गेलो. कार्यवाह जुन्या वळणाचे, शब्द तोलून बोलणारे. म्हणाले, "हे पाहा, जे कुणी पाहत नाही ते चालवायचं कशासाठी? तुम्ही तिकिटांतले जाणकार आहात असं ऐकतो. यंदाच्या पाच सामन्यांची दोनशे सीझन तिकिटं खपवून दाखवा. तिसऱ्या सामन्यानंतर मी स्वतः हिशोब पाहीन. दोनशे झाली तर संघ राहील. एकशे नव्व्याण्णव झाली तर राहणार नाही."

मला तर स्फुरणच चढलं. मुलगी म्हणाली, "बाबा, जमेल ना रे?" मी म्हणालो, "अगं, पडेल नाटकांनाही हाऊसफुल्लची पाटी मी लावलेली आहे. तुमचं काय घेऊन बसलीस!"

सगळ्यात आधी प्लॅन काढला. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, आमच्या धंद्यातली पोथीच. वरती चौकोन काढून त्यात सवयीने 'रंगमंच' लिहिलं, खाली ए पासून जे पर्यंत दहा रांगा, रांगेत वीस खुर्च्या. मंडपवाल्याने तो प्लॅन बघून खुर्च्या मांडल्या त्या मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या बरोबर मागे. कॉलेजच्या जिमखान्याच्या मॅडम धावत आल्या. "अहो, खुर्च्या लांबीच्या बाजूने लावतात!" मी त्यांना शांतपणे विचारलं, "मॅडम, नाटक कधी विंगेतून बघतात का? समोरून बघतात." त्या पाणी प्यायला निघून गेल्या.

दर ठेवला सीझनला शंभर रुपये. पहिल्या आठवड्यात अकरा तिकिटं गेली. सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "शंभर? मग पासच द्या ना, शंभरासाठी कुठे पाकीट काढू." माझा कोपरीचा चुलतभाऊ तर चिडलाच. "तू तिथे बसलेला असताना मी तिकीट काढू? लोक म्हणतील, याची भावाकडे काही वट नाही." आपल्याकडे फुकट पास मिळणं हा मान आहे आणि स्वस्त तिकीट काढणं ही नाचक्की. मात्र महाग तिकीट काढणं हासुद्धा मान आहे. ही गोष्ट मला बावीस वर्षांत पाठ झालेली, आणि तरी मी शंभरचा दर लावून बसलेलो. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि दर बदलला. पहिल्या तीन रांगा साडेसातशे, मधल्या चार चारशे, मागच्या तीन दोनशे. आधीच्या अकरा जणांना मागे बसवलं.

मग खिडकीतली जुनी युक्ती. सगळी ए रांग मी पेन्सिलने काट मारून ठेवली. गिऱ्हाईक प्लॅनवर बोट ठेवून विचारी, "ए नाहीच का?" मी नाही नाही म्हणत डोकं खाजवायचो, एका खुर्चीवरची काट खोडायचो आणि हळू आवाजात म्हणायचो, "कुणाला सांगू नका." चार दिवसांत ए रांग संपली. संघातल्या एका मुलीचा मामा बाळकुमचा. गावची जमीन गेली, आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये तो बाराव्या मजल्यावर राहतो. तो मला फोनवर दरडावून म्हणाला, "मना पयलीच रांग पायजे. पैशाचं मना नको सांगू." त्याला मी ए-चार दिली, तेव्हा त्याने अजून दोन मागितल्या. एक काकू म्हणाल्या, गुडघे दुखतात, कडेची द्या, आणि खांबाआड नको. मैदानात खांब नाही म्हटल्यावर त्यांना तिकीट अजूनच पसंत पडलं. एकानेही विचारलं नाही की मॅच कुणाशी आहे.

पहिल्या रविवारी सकाळी आठला सगळे आले, बायका जरीकाठी नेसून, पुरुष परीटघडीत. थंडीतलं असलं तरी ऊन ते ऊनच, आणि ते थेट पहिल्या रांगेवर. मागे, दोनशेवाल्यांवर, कडुनिंबाची गार सावली. पण साडेसातशेवाला एकही जण जागचा हलला नाही. त्यांनी छत्र्या उघडल्या. त्यावर बी रांग ओरडली की आम्हाला दिसत नाही, आणि मी बॅटरी घेऊन धावलो. दिवसाढवळ्या बॅटरी कशाला, असं मुलीने नंतर विचारलं. पण खिडकी बंद झाली की उशिरा आलेल्यांना अंधारात मीच बसवायचो, बॅटरीशिवाय मला खुर्ची दाखवता येत नाही.

गोल हुकलेला प्रत्येक फटका ए रांगेत पडत होता. बाळकुमच्या मामाने एक चेंडू पोटावर झेलला आणि शेजाऱ्याला अभिमानाने म्हणाला, "साडेसातशेची जागा हाय." लोक माझ्या मुलीच्या पाठीमागे पाच-सहा हातांवर बसून आपसात बोलत, पहिला अंक जरा लांबला. पंचाहत्तरीचे एक आजोबा दर दहा मिनिटांनी विचारत की मध्यंतराला बटाटेवडा आहे ना. मी बटाटेवड्याची व्यवस्था बघायला गेलो, तेव्हा मागे एकदम टाळ्या पडल्या. तिने काहीतरी अडवलं होतं म्हणे.

खरा गोंधळ मध्यंतरानंतर. दोन्ही संघांनी बाजू बदलल्या आणि आमची मुलगी मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला गेली. साडेसातशेवाले माझ्या अंगावर आले. "आपली मुलगी तिकडे गेली! पैसे घेताना हे सांगितलं नव्हतं!" मी पंचांकडे गेलो आणि विनंती केली की जमलं तर बाजू बदलू नयेत. पंचांनी पिवळं कार्ड काढून मला दाखवलं. प्रेक्षकाला पिवळं कार्ड मिळाल्याचं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या सामन्याला कल्याणचा संघ आलेला. मध्यंतरानंतर त्यांची गोलकीपर आमच्या ए रांगेसमोर आली. किडकिडीत पोर, एकटीच उभी. गुडघेवाल्या काकूंनी तिला आधी पाणी दिलं, मग राजगिऱ्याची वडी दिली. बाळकुमचा मामा तिला सांगू लागला की उजवीकडे सरक. शेवटी आमच्या मुलींनी तिच्यावर गोल मारला, तेव्हा आमची ए रांग हळहळली आणि काकूंनी आमच्याच मुलींना सुनावलं, "लाज नाही वाटत?" मी हे सगळं ऐकलं, पाहिलं नाही. मी तेव्हा एफ रांगेत दोन वकिलांचं भांडण सोडवत होतो, दोघांकडेही एफ-सातचं तिकीट होतं आणि ती माझीच चूक होती. एफ-आठ रिकामी निघाली म्हणून निभावलं.

तिसऱ्या सामन्यानंतर कार्यवाह आले. प्रतीक्षा यादीत तेव्हा सात नावं होती. मी ताठ मानेने प्लॅन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून रांगेवर रांग मोजली आणि एका खुर्चीवर बोट ठेवलं. "ही ए-अकरा?"

"तो पास आहे," मी म्हणालो. "माझा."

"म्हणजे विकलेलं नाही."

"आयोजकाची खुर्ची असते. प्रथाच आहे तशी."

"मग एकशे नव्व्याण्णव झाली," ते म्हणाले, आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

आता कुणालाही वाटेल की मी खिशातून साडेसातशे काढले असतील, नाहीतर यादीतल्या पहिल्याला फोन केला असेल. मी वाद घातला. बावीस वर्षांत मी तिकीट काढून कधी काही पाहिलेलं नाही, हे त्यांना सांगितलं. बुकिंगच्या माणसाने तिकीट काढायचं म्हणजे आचाऱ्याने स्वतःच्या जेवणाचं बिल भरण्यासारखं आहे, हेही सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी तीनदा म्हणालो. पोरीचा संघ पणाला लागलेला आणि मी तत्त्व धरून बसलेलो. आज आठवलं तरी स्वतःची चीड येते.

मुलगी मॅच संपवून आलेली, अजून मातीने भरलेली. कधीपासून मागे उभी होती, कुणास ठाऊक. ती टेबलासमोर आली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी, आणि बॅगेतून नोटा काढल्या. मागच्या सुट्टीत शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने जमवलेले पैसे होते ते, मला ठाऊक होतं.

"ए-अकरा. एक द्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, वेडी आहेस का? ठेव ते. मी देतो."

"नको. तू तिकीट काढत नाहीस ना? मी काढते." मग कार्यवाहांकडे वळून म्हणाली, "सर, आता दोनशे झाली."

ते म्हणाले, "झाली," आणि संघ पुढे चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. जाताना माझ्याकडे न बघता गेले. मी तिकीट फाडून तिला दिलं. तिने ते माझ्याच शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी बसायचं. बाकी काही करायचं नाही. तीन मॅच झाल्या बाबा, तू एकही शॉट पाहिलेला नाहीस."

चौथ्या सामन्याला मी बॅटरी घरी ठेवली आणि ए-अकरावर बसलो. समोर जाळी, जाळीपलीकडे माझ्या मुलीची पाठ. मॅच सुरू झाली आणि मी एक आवाज ऐकला. ती ओरडत होती. "डावी! डावी सोड! मागे ये गं!" अखंड. घरात दुसऱ्यांदा भाजी मागायलाही जी तोंड उघडत नाही, ती दहा जणींना हाकत होती आणि त्या तिचं ऐकत होत्या. कडेच्या खुर्चीवरून काकूंनी मला ओरडून सांगितलं, "अशीच असते ती, पहिल्या दिवसापासून." दोनशे माणसांना मी हा आवाज विकलेला आणि मला तो आहे हेच माहीत नव्हतं.

पाचच मिनिटं झाली असतील. मागे सी रांगेत कुणीतरी ओरडलं, "अहो बुकिंगवाले, ही माझी खुर्ची आहे!" आणि मी उठलो. अंगातच मुरलेलं आहे, मी विचार केलाच नाही. खुर्चीचा आवाज झाला. तिने मान वळवली, मला उभं राहिलेलं पाहिलं, आणि त्याच क्षणी चेंडू तिच्या उजव्या हाताजवळून जाळीत आला.

सी रांगेतलं भांडण आपोआप मिटलं. ती चेंडू घ्यायला जाळीत आली, माझ्यापासून दोन हातांवर. चेहरा लाल झालेला.

मी म्हणालो, "चुकलं गं माझं."

तिने चेंडू पोटाशी धरला. "मध्यंतरापर्यंत अजून चाळीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "बस."

मी बसलो.