तपासणीची तयारी

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आलो आणि माळावर पोरांची भरतीची तयारी घ्यायला लागलो. गावात मला मेजर म्हणतात. साताऱ्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यात माझं विशेष काही नाही. आमच्या माळावरची एक रीत आहे. भरतीला जाऊन आलेला पोरगा, पास होवो नाहीतर नापास, आधी माझ्याकडं येतो आणि तिथं काय काय झालं ते सगळं सांगतो. लेखीला काय आलं, डॉक्टरनं कुठं कुठं बघितलं, साहेबानं काय विचारलं. मी ते वहीत उतरवतो आणि पुढच्या तुकडीकडून घोटून घेतो. कोऱ्या पाटीनं परीक्षेला जाणं मला कधी समजलंच नाही.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिला वाचता येत नव्हतं. आज हे सरळ लिहितोय, पण तेव्हा घरात कुणी असं म्हणालं असतं तर मी समोरचं ताट भिरकावलं असतं. अक्षरं ती ओळखायची, पण ओळ आली की गडबडायची. शब्द गाळायची, नसलेले घालायची, फळ्यावरचं उतरवताना निम्मं राहायचं. कान मात्र असा की एकदा ऐकलेलं विसरणार नाही. स्टँडवरच्या गाड्यांच्या वेळा, पाहुण्यांचे फोन नंबर, तीसपर्यंतचे पाढे, सगळं तोंडावर. त्या पाठांतराच्या जिवावर ती नववीपर्यंत आली होती. मी तिला आळशी म्हणायचो. मारलंही आहे. एकदा वही फेकली ती तिच्या डोळ्याच्या कडेला लागली, आणि रात्रभर मला वाईट वाटलं, पण सकाळी मी तिला पुन्हा वाचायलाच बसवलं.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "मेजर, ती आळशी नाही," त्या म्हणाल्या. "तिला वाचण्याचाच त्रास आहे. रीतसर तपासणी करून घ्या. तसा दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. नाहीतर तोंडी सगळं येणारी पोरगी कागदावर नापास होईल."

दाखल्यासाठी तपासणी, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. फौजेतला माझा एक दोस्त तासगावचा. त्याच्या मुलाची अशीच तपासणी सांगलीत झाली होती. पत्ता विचारायला त्याला फोन केला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "आत काय काय इचारत्यात रं?"

"लय न्हाई गड्या. एक उतारा वाचाय देत्यात, गवळ्याची म्हस हरवल्याचा. मग शबुद लिवाय लावत्यात."

मुलगा बुजरा म्हणून या दोस्ताला आत बसू दिलं होतं. यानं तपासणाऱ्या मॅडमची पाठ फिरल्यावर दोन्ही पानांचे फोटो काढून ठेवले होते. का काढले, असं मी विचारलं नाही. मी असतो तरी काढले असते. दहा मिनिटांत फोटो माझ्या मोबाईलवर आले.

तीन आठवडे मी तिची तयारी घेतली. संध्याकाळी धारा झाल्या की ओट्यावर बसायचो. मी उतारा वाचायचो, ती ऐकायची. तिसऱ्या दिवशी म्हैस तिला तोंडपाठ होती. पण नुसतं पाठ म्हटलं की समोरच्याला कळतं, हे मला माहीत होतं. म्हणून कागद हातात देऊन बोट ओळीखालून कसं सरकवायचं, ओळ संपली की नजर कशी खाली आणायची, स्वल्पविरामाला किती थांबायचं, हे सगळं मी तिला शिकवलं. शब्दांची यादी शंभर वेळा गिरवून घेतली. तिची बोटं दुखायची. ती एकदाही नको म्हणाली नाही, कारण त्या तीन आठवड्यांत मी तिच्यावर एकदाही ओरडलो नव्हतो.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, आजारी माणसाला दवाखान्यात न्हेताना ताप उतरवून न्हेत्यात व्हय?"

"तू गप बस," मी म्हणालो. "आपल्या घरातलं कोण तयारीशिवाय परीक्षेला गेलं न्हाई."

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या गाडीनं सांगलीला गेलो. मॅडम तरुण होत्या, मऊ बोलायच्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बाकावर बसवलं आणि मुलीला आत नेलं. मधे प्लायवूडची भिंत होती. बऱ्याच वेळानं पलीकडून तिचा आवाज आला. गवळी, म्हैस, नदीकाठ, कुठंही न अडखळता. स्वल्पविरामालासुद्धा थांबली. माझी छाती फुगली. मी बायकोला कोपर मारलं, ऐक म्हटलं. ती आपल्या चपलांकडं बघत बसली होती.

पंधरा दिवसांनी अहवाल आणायला मी एकटा गेलो. वाचन व लेखन इयत्तेस साजेसे, अध्ययन अक्षमता आढळली नाही, सरावाची आवश्यकता. परतीच्या गाडीत मी तो कागद तीनदा वाचला. दाखला मिळाला नाही हे मला कळत होतं. मी काही खुळा नाही. पण खरं सांगायचं तर मला दाखला नकोच होता. माझी पोरगी धडधाकट आहे, असं कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यायला हवं होतं, आणि ते मिळालं होतं. साताऱ्यात उतरून मी अर्धा किलो कंदी पेढे घेतले आणि तसाच शाळेत गेलो.

बाईंनी पेढा घेतला नाही. त्यांनी अहवाल वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि मुलीला वर्गातून बोलावलं. टेबलावरचं त्या दिवसाचं वर्तमानपत्र तिच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "एवढं वाचून दाखव."

तिनं बोट ओळीखाली ठेवलं, मी शिकवलं होतं तसं. बोट तिथंच राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पेपराकडं, मग पुन्हा माझ्याकडं. बाहेर कवायत चालली होती, एक-दोन-तीनचे आकडे ऐकू येत होते.

"जा बाळा, वर्गात जा," बाई म्हणाल्या. ती गेल्यावर मी त्यांना म्हशीचा उतारा आणि फोटो, सगळं सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्याकडं सरकवला. "मेजर, हा कागद तिला दहावीला नापास करणार आहे. आणि तो तुम्ही आणलाय."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन पुन्हा सांगली गाठली. तिला बाकावर बसवून मॅडमसमोर जाऊन सगळं कबूल केलं, फोटो दाखवले. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल मिटली.

"ही चाचणी आता तिला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभर तरी ती पुन्हा घेऊन अर्थ नाही, आणि मराठीत दुसरी माझ्याकडे नाही. तोवर दहावीचे अर्ज गेलेले असतील. तुम्ही तिला जशी आहे तशी आणायचं होतं, बस."

मी ताठ, सावधानमध्ये उभा होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. फोटो तिथंच पुसले. तासगावच्या दोस्तालाही पुसायला लावले. त्याचा आता तिला काही उपयोग नव्हता.

ती सध्या दहावीत आहे. बाई शाळा सुटल्यावर तिला धडे वाचून दाखवतात. इतिहास तिला माझ्यापेक्षा चांगला येतो. फॉर्म गेला तो सवलतीविना. मार्चमध्ये ती प्रश्नपत्रिका हातात घेऊन एकटी बसणार आहे, आणि या वेळी पुढं काय येणार हे तिला कुणी सांगू शकत नाही.

सांगलीहून परत येतानाचं तेवढं लिहायचं राहिलं. गाडीला वेळ होता. स्टँडवर मी तिला उसाचा रस घेऊन दिला आणि म्हणालो, "चुकलं माझं." असं मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो.

ती रस पीत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, त्या दिशी मॅडमनी इचारलं हुतं मला."

"काय इचारलं?"

"वाचताना अक्षरं कशी दिसत्यात म्हणून. लय येळ थांबल्या हुत्या त्या. आजपतोर असं कुणीच इचारलं नव्हतं. मला समदं सांगायचं हुतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी म्हणला हुता ना, कायबी तरास न्हाई म्हणायचं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जमेल तितक्या मायेनं विचारलं, "आता मला सांग बाळा. कशी दिसत्यात?"

तिनं माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं.

"चांगली दिसत्यात, पप्पा," ती म्हणाली.