टाकीबाहेरचे हैबतराव

हैबतराव धनावड्यांचा पाय नासवला तो बुटाने, आणि बूटही साधासुधा नव्हे, पुढे लोखंडी टोपी बसवलेला सेफ्टी शू.

रोह्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीत हैबतरावांनी सेफ्टी सुपरवायझर म्हणून एकतीस वर्षं काढली. त्यांच्या शिफ्टमध्ये कुणाच्या नखाला धक्का लागला नाही. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असली तरी सांगत. वेल्डिंग असो की रसायनाची टाकी आतून साफ करायची असो, त्यांची परमिटवर सही झाल्याशिवाय पाना हलत नसे. कामगार पाठीमागे त्यांना 'परमिट' म्हणत आणि समोर साहेब. निरोप समारंभात कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं आणि कुणाला तरी गंमत सुचली म्हणून सेफ्टी शूजचा कोरा जोडही दिला. हैबतरावांना त्यात गंमत दिसली नाही. त्यांनी तो मनापासून स्वीकारला आणि कोलाडजवळच्या आपल्या गावी, स्वतःच्या शेतात, घालायला लागले.

गावात बूट घालून वाल काढणारा हा पहिला माणूस. लोक हसले. "विंचवाकाट्याची जागा आहे," हैबतराव म्हणाले, "हसू नका, बूट घाला."

त्यांना बारा वर्षांपासून साखर होती. पायांचे तळवे कधीचे बधिर झाले होते, पण बधिरपणाचं एक असतं की तो जाणवत नाही. एके दिवशी मळणीच्या वेळी वालाचा एक सुका, टणक दाणा उजव्या बुटात गेला. त्या दाण्यावर हैबतराव दोन दिवस चालले. दुसऱ्या दिवशी दुपारी शकूने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ओट्यावर त्यांचा मोजा लाल झालेला पाहिला.

"अवो, हे काय?"

बूट उपडा केला तर दाणा टपकन पडला.

"अजून एक दिवस चालला असता," शकू म्हणाली, "तर मोड आला असता त्याला."

पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही. आज भरेल, उद्या भरेल करत जखम आठ महिने तशीच राहिली. ड्रेसिंगसाठी रोह्याला फेऱ्या झाल्या, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मध्येच हाडाला लागण झाली आणि करंगळी काढावी लागली. शेवटी कुणीतरी पेणच्या एका खाजगी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टर नमिता यांनी पाय उलटसुलट पाहिला, कागद ठेवून जखमेची रेघ आखून घेतली आणि समजावून सांगितलं. जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही, म्हणून प्राणवायू पोचत नाही, म्हणून ती भरत नाही. त्यांच्याकडे एक आरपार दिसणारी नळी आहे. तिच्यात माणसाला झोपवून झाकण लावतात, आत शुद्ध ऑक्सिजन भरतात आणि दाब वाढवतात, चौदा मीटर पाण्याखाली असावा तितका. त्या दाबाने प्राणवायू रक्तात विरघळून आडवळणाच्या जागीही पोचतो. दीड-दोन तास रोज, चाळीस दिवस.

"चमत्कार नाही हं," त्या म्हणाल्या. "ड्रेसिंग, साखर आणि पायाला आराम, हे तिन्ही असतील तरच याचा उपयोग."

हैबतरावांनी यातलं फक्त एवढंच ऐकलं : बंद नळी, शुद्ध ऑक्सिजन, वाढीव दाब. एकतीस वर्षांत या तिन्हींबद्दल त्यांनी मिळून पाचशे तरी भाषणं दिली होती. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचं बोट पुसलेला फडकासुद्धा कसा भडकतो, हे तर ते फळ्यावर चित्र काढून दाखवत.

पहिल्या दिवशी ते नळीशेजारी सुती झगा घालून उभे राहिले आणि आत जाईनात.

"परमिट कुठाय?" त्यांनी विचारलं.

नळी चालवणारी मुलगी होती अपेक्षा, पेणचीच, सत्तावीस-अठ्ठावीसची. तिला वाटलं म्हातारबाबा केसपेपर विचारताहेत. तिने तो दाखवला.

"हे नाय. बंदिस्त जागेत प्रवेशाचं परमिट. आत जाणार कोण, बाहेर थांबणार कोण, सही कुणाची."

"काका, आत जाणार तुम्ही. बाहेर थांबणार मी. आणि ही यादी बघा." तिने भिंतीवरची पाटी वाचून दाखवली. केसाला तेल नको, अंगाला मलम नको, नायलॉन नको, मोबाइल, घड्याळ, काडेपेटी, काहीही बरोबर नको. मनगटाला अर्थिंगचा पट्टा. हैबतरावांनी यादी दोनदा वाचली. चूक सापडली नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

"तू जेवायला गेलीस तर?"

"माणूस आत असताना मी जात नाय."

"पाणी प्यायला?"

"बाटली इथंच हाय."

"अवो, जा ना आत एकदाचे," मागून शकू म्हणाली. "ती पोर उपाशी मरेल तुमच्या सवालांनी."

ते गेले. झाकण लागलं, वारा सुटल्यासारखा आवाज झाला, कानांना दडे बसले. अपेक्षाने आतल्या स्पीकरवरून सांगितलं, आवंढा गिळा, जांभई द्या. हैबतरावांनी आवंढे गिळले, पण डोळे मिटले नाहीत. मिटले तेही अर्धवट, पोरगी जागची हलते का ते पाहायला. ती हलली नाही.

शेजारच्या दुसऱ्या नळीत कान्हू असायचा. हा पेणच्या खाडीकडच्या गावातला, आयुष्यभर मिठागरावर राबलेला. पायात वहाण अशी त्याने कधी घातलीच नाही. खाडीच्या चिखलातल्या कालवाच्या धारदार शिंपल्याने टाच कापली, साखर त्यालाही होती, आणि तोही इथे येऊन पडला. नळीत शिरला की पाच मिनिटांत तो घोरायला लागे. काच आरपार असल्यामुळे हैबतरावांना ते दिसे, आणि दिसलं की त्यांचा रक्तदाब वाढे.

"तुला भीती नाय वाटत?" एकदा बाहेरच्या बाकावर त्यांनी विचारलं.

"कसली?"

"आत काय भरलंय ठाऊक हाय का तुला?"

"हवा," कान्हू म्हणाला. "मना त मस्त झोप लागते. मिठागरावर एवढी गार सावली जन्मात नाय मिळाली."

हैबतरावांनी त्याला ऑक्सिजनचं भाषण दिलं. कान्हूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटांत घोरायला लागला. ज्याला कळत होतं तो दोन तास डोळे ताणून पडून राही आणि ज्याला कळत नव्हतं त्याची झोप भरून निघे. ज्ञानाचा उपयोग असा झाला.

मग हैबतरावांनी तपासणी सुरू केली. सेशनच्या आधी तास आणि नंतर तास ते हॉस्पिटलभर लंगडत फिरत. वायरी पाहिल्या, खिडक्यांच्या कड्या पाहिल्या, जिन्यात ठेवलेली खोकी हलवायला लावली. अपेक्षाच्या टेबलावर त्यांनी एक वहीही सुरू करवली : अपघात होता होता टळला तर त्यात लिहायचं. बारा दिवस ती कोरीच राहिली. आणि तेराव्या दिवशी त्यांना व्हरांड्यात आग विझवायचा लाल बाटला दिसला, ज्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती.

त्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत नव्हतं असं तेज आलं. बाकावर बसून त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन पानी अर्ज लिहिला. हॉस्पिटलवाले भले, त्यांनी अर्ज मनावर घेतला. बाटले भरून येईपर्यंत आणि सगळी तपासणी होईपर्यंत नळीचा विभाग चार दिवस बंद ठेवला.

पाचव्या दिवशी कान्हू म्हणाला, "बाटला भरला. आपला पाय तेवढा रिकामा राहिला."

त्याच आठवड्यात डॉक्टर नमितांनी दोघांच्या जखमा मोजल्या. कान्हूची निम्मी झाली होती. हैबतरावांची पहिल्या दिवशीच्या रेघेवर रेघ बसेल इतकी तशीच.

"यंत्रात काहीतरी दोष असेल," हैबतराव म्हणाले.

"यंत्र तेच आहे. कान्हू घरी गेला की खाटेवर बसतो, टाच टेकवत नाही. तुम्ही दिवसाला किती चालता?"

हैबतराव खिडकीची कडी न्याहाळू लागले.

"तुमच्या कंपनीत एखादा कामगार असं वागला असता तर त्याला तुम्ही काय म्हणाला असतात?"

"अनसेफ अ‍ॅक्ट," हैबतराव पुटपुटले. हा शब्द त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांसाठी वापरला होता.

त्या दिवशी ते इतके खट्टू झाले की नळीत पडल्यावर अपेक्षाकडे पाहायचं विसरले. आणि पाहायचं विसरल्यामुळे त्यांना चक्क झोप लागली. झोपेत त्यांची उजवी मूठ सैल झाली आणि तिच्यातून काहीतरी निसटून नळीच्या तळाशी टक्कन पडलं.

अपेक्षाने वाकून पाहिलं. शिटी होती.

तिने आरडाओरडा केला नाही. दाब उतरवायला घेतला. तो एकदम उतरवता येत नाही, दहा मिनिटं लागतात. हैबतराव जागे झाले, त्यांनी शिटी पाहिली, अपेक्षाने ती पाहिल्याचं पाहिलं, आणि मग ती दहा मिनिटं दोघं काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत राहिली.

"पितळेची हाय," शेवटी हैबतराव स्पीकरवर म्हणाले. "पितळेची ठिणगी पडत नाय."

"पाटीवर पितळ नि लोखंड असं वेगळं नाय लिहिलेलं, काका. काहीही नको असं लिहिलंय."

"व्हय."

"कधीपासून आणताय?"

"दुसऱ्या दिवसापासून."

झाकण उघडलं. ते उठून बसले. बाहेर शकू होती, सेशन संपवून बसलेला कान्हू होता, दोघांनाही काय झालं ते कळलं होतं. एकतीस वर्षं लोकांचे खिसे उलटे करून बिडीकाडी शोधणारा माणूस मुठीत शिटी लपवून रोज आत जात होता.

अपेक्षाने ती कोरी वही आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

हैबतरावांनी लिहिलं. तारीख, वेळ, नाव, काय घडलं. 'कारण' या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले.

"पन शिटी कशापायी?" कान्हूने विचारलं.

"वाटलं, आत काय झालं आणि हाक कुणाला गेलीच नाय तर."

"मग कंपनीत टाकीत जायचे तवा पण शिटी न्यायचे?"

"मी कुठं टाकीत जायचो? मी बाहेर. सही करायची, दोरी धरलेल्यावर लक्ष ठेवायचं."

"एकदा पन नाय गेले?"

हैबतरावांनी आठवून पाहिलं. तीन-चार हजार परमिटांवर सह्या केल्या असतील. "नाय," ते म्हणाले. "एकदा पण नाय."

त्यांना निलेश आठवला. कंत्राटी कामगार, बारीक अंगाचा, म्हणून टाकीच्या तोंडातून नेहमी तोच आत उतरायचा. उतरताना दर वेळी विचारायचा, "साहेब, बाहेर आहात ना?" आणि हैबतराव दर वेळी घड्याळाकडे बघत म्हणायचे, "सही केलीय ना, मग जा की." त्याला काही झालं नाही कधी, आणि सगळे नियम पाळलेलेच असायचे. पण त्याचा प्रश्न नियमाचा नव्हता, हे हैबतरावांना आता, पायाची करंगळी गेल्यावर आणि सुती झग्यात बसल्यावर, कळत होतं.

त्यांनी रकान्यात लिहिलं : 'भीती.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवसापासून ते रिकाम्या हाताने आत गेले. झाकण लावण्याआधी त्यांनी अपेक्षाला विचारलं, "बाहेर आहेस ना गो?"

"इथंच हाय, काका," ती म्हणाली, आणि तिने घड्याळाकडे पाहिलं नाही.

तपासणी थांबली. डॉक्टरांनी दिलेला, जखमेवर भार न येणारा जाड तळव्याचा बूट घालून ते येत आणि बाकावर बसत. घरी शकूने खुर्चीभोवती सगळं हाताशी आणून ठेवलं आणि ते उठले की नुसती बघत असे, तेवढं पुरे होई. जखम आधी तांबूस झाली, मग कडेने आत सरकू लागली. कान्हू तिसाव्या सेशनला मोकळा झाला. त्यालाही हॉस्पिटलने मऊ वहाणा दिल्या होत्या. त्याने त्या घरी खुंटीला टांगल्याचं नंतर कळलं, कारण एवढ्या चांगल्या वहाणा खाडीच्या चिखलात घालायला त्याचा जीव होईना.

चाळिसाव्या सेशनला हैबतरावांची जखम मिटली. श्रेय कुणाचं यावर एकमत झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, पायाला आराम मिळाला. अपेक्षा म्हणाली, नळी. शकूने गावदेवीला बोललेला नारळ गुपचूप फोडून टाकला.

एक मात्र झालं. इतके दिवस तो दाब घेतल्याने त्यांची नजर बदलली. जवळचं चष्म्याशिवाय लख्ख दिसू लागलं आणि लांबचं पुसट. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं काहींना, दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होईल. शेवटच्या दिवशी शकू वालाच्या खुरपणीत अडकली होती, म्हणून ते एकटेच परत निघाले. पेण स्टँडवर एसटी आली. बोर्ड दिसेना. जन्मभर दुसऱ्यांना 'बोर्ड वाचायला काय होतं?' असं विचारत आलेला माणूस कुणाला विचारणार? ते अंदाजाने चढले.

गर्दीतून कंडक्टर पोचेपर्यंत वडखळ आलं.

"कोलाड एक."

"काका, ही अलिबाग. उतरा इथंच."

नाक्यावरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसून त्यांनी शकूला फोन लावला.

"तिथंच बसा," शकू म्हणाली. "रस्ता ओलांडू नका, चालू नका. हरेशला पाठवते." हरेश म्हणजे पुतण्या, त्याचा टेंपो होता.

ते बसले. टपरीवाल्याचं वर्तमानपत्र घेऊन त्यातल्या बारीक अक्षरातल्या जाहीर नोटिसा चष्म्याशिवाय वाचून काढल्या. समोरून गाड्या धुरळा उडवत जात होत्या. सव्वा तासाने हरेश आला.

"काका, येताना दोन महाडच्या गाड्या दिसल्या मला, कोलाडवरून जाणाऱ्या. इथूनच गेल्या असतील की!"

"गेल्या असतील," हैबतराव वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले. "मला बसायला सांगितलंय."