चपला राखायला कुणी बसायचं

"तू बस इथंच. चपला कुणीतरी बघायला पाहिजेत ना."

विजापूरच्या गोल घुमटाच्या पायऱ्यांवर आमचे सुपरवायझर सर मला म्हणाले. चारचौघांत. त्यांच्या मिसेसनी आपल्या सँडल माझ्या पुढ्यात सरकवल्या. पायाने. मग बाकीच्यांनी बूट-चपलांचा ढीग घातला, वर पर्स, बॅगा, पाण्याच्या बाटल्या. आणि गेले सगळे आत. कंपनीत लाइनवर माझ्या शेजारी उभी राहणारी वैशालीसुद्धा गेली. जाताना म्हणाली, "आलेच गं मी, मग तू जा." आली नाही.

सकाळी जुन्या मशिदीतही तेच झालं होतं. तेव्हा वाटलं, असेल एखाद्या वेळी. दुपारी कळलं, ही माझी ड्युटीच लावलीय.

चाकणच्या आमच्या कंपनीची सहल होती. आमच्या लाइनचा माल वर्षभर परत आला नाही, त्याचं बक्षीस. त्या लाइनवर मीही राबले होते, ओव्हरटाइमसकट. पण बसमध्ये मिसेसनी आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते. हसत हसत हं! मी सांगितलं. लपवायचं काय त्यात? आम्ही बौद्ध. त्यानंतर लाडवांचा डबा पुढच्या सीटवर गेला तो माझ्यापर्यंत काही आला नाही.

पायऱ्यांवर मी म्हटलं होतं, "सर, मलाही बघायचंय."

तर म्हणाले, "तुमच्यात देवाबिवाचं काही नसतं ना? मग तुला काय करायचंय आत जाऊन?"

अरे वा! यांचा तरी कुठला देव बसला होता आत? आत सुलतानाची कबर. तिकीट फाडणाऱ्याने मला जात विचारली नाही, दारावरच्या पहारेकऱ्याने विचारली नाही. गावाची वेस यांनीच चाकणहून बसमध्ये घालून आणली होती.

आणि मला आत जायचंच होतं. आईसाठी.

आई कासारवाडीतल्या एका सोसायटीचे जिने झाडते. तिथं तिला नाव नाही. 'कचरेवाली आली का', 'कचरेवालीला सांगा'. निघताना मी तिला म्हटलं, तिथं घुमटाखाली हाक मारली की तीच हाक पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिला भारी गंमत वाटली. "मग माझं नाव घे की तिथं," म्हणाली. "शेवंता म्हण. मोठ्यानं म्हण." ही बाई कधी कुणाकडं काही मागत नाही. दिवाळीला साडी घेतली तरी कशाला आणलीस म्हणते.

मी बाहेर बसले. आतून आवाज यायचे. शिट्ट्या, हसणं, एकमेकांची नावं. सगळ्यांची नावं घुमत होती आणि मी सँडलवरच्या माश्या हाकलत होते. रडू येत होतं. रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग येत होता.

संध्याकाळी लॉजवर आईचा फोन आला. "घेतलंस का गं नाव?"

"न्हाई आई. मला चपला राखायला बसवलं."

मला वाटलं, समजूत काढेल. जाऊ दे म्हणेल.

"आन् तू बसलीस?"

एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. काय सांगू! सरांच्या बोलण्याने झाली नव्हती एवढी अंगाची आग झाली.

दुसऱ्या दिवशी गोवा. जुन्या गोव्यातलं भलंमोठं चर्च. मिसेसनी सवयीने दारातच सँडल काढल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी काढल्या. सरांनी माझ्याकडं नुसतं बोट केलं, बस म्हणून. तेवढ्यात दारावरचा वॉचमन ओरडला, "चप्पल क्यों निकाला? पहन के जाओ!"

सगळे हसले, पुन्हा चपला घालायला लागले. मी तर काढल्याच नव्हत्या. चला, सुटले, असं वाटलं मला. खरंच वाटलं. चपलाच नाहीत म्हटल्यावर राखायचं काय?

सर म्हणाले, "अगं, मग बॅगा कोण बघणार?"

सणकन तिडीक गेली डोक्यात. म्हणजे चपलांचं नुसतं निमित्त. यांना मी बाहेर पाहिजे होते.

"ज्याची त्यानं बघायची," मी म्हटलं. मोठ्याने. आणि चपला वाजवत आत गेले.

आत काय पाहिलं ते विचारू नका. सोनेरी नक्षी होती, उंच छत होतं. मला काही दिसलं नाही. नुसती चालत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "फार शहाणी झालीस. लाइन बदलतो तुझी."

"बदला."

बदलली. आता पॅकिंगला आहे, दिवसभर खोकी उचलते. वैशाली कँटीनमध्ये म्हणते, "कशाला नडलीस गं? तासाभराचा तर प्रश्न होता." तिला काय बोलायचं! तो तास तिने आत काढला.

विजापूर राहिलंय. आईला सांगून ठेवलंय, रजा टाक. एसटीने जाऊ. तिचं नाव तीच घेईल, तिच्या तोंडाने, घसा फाटेस्तोवर. चपला दारात काढू, कुणी नेल्या तर नेल्या. विजापूर ते कासारवाडी अनवाणी येऊ आम्ही मायलेकी. पण राखायला आमच्यातलं कुणी बसणार नाही.