हवालदार कोंडिबांचा रिपोर्ट

सुमन, ये, अशी जवळ बस. तुझ्या या आत्याच्या पोटातली गाठ पसरलीय, हे डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं, आणि तू ओसरीवर कुजबुजतेस? वर माझ्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप काढून घेतेस? शहाणीच आहेस. ऐक आता.

पासष्टची लढाई होऊन वर्ष झालं होतं. मी फौजेत नर्स, हुद्दा लेफ्टनंट. लोणावळ्यात बराकींत थाटलेलं आमचं हॉस्पिटल. सहाला चहा, सातला ड्रेसिंग, आठला मेजरसाहेबांचा राउंड. साहेब दारात आले की पेशंटांतला सीनियर ‘वॉर्ड, सावधान’ म्हणायचा आणि रिपोर्ट द्यायचा. ज्यांना उठता येत नसे, ते पडल्या पडल्या हात सरळ करत.

सीनियर होते परंदवडीचे हवालदार कोंडिबा. पोटाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. दाढी मात्र स्वतः करायचे. गाल खोल गेलेले, ते आतून जिभेनं फुगवून वस्तरा फिरवायचे.

मला दया आली. पाय मोडलेल्या नाईकाला मी सांगितलं, “उद्यापासून रिपोर्ट तू दे.” कोंडिबांना विचारलं नाही.

सकाळी आठला नाईक ओरडला. कोंडिबा खाटेवरून उतरले, गज धरून उभे राहिले.

“हुकूम कुणाचा?”

“सिस्टरचा,” नाईक म्हणाला.

“साहेब, मला काढलं आसंल तर लेखी द्या.”

मी म्हटलं, “भाऊ, तुम्हाला आराम मिळावा म्हणून...”

“आराम म्होरं लय हाय, सिस्टर. मरतोय ते म्हाईत हाय मला. पर आजून हवालदार हाय. मला बिचारा कुणी केलं?”

मेजरसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “हवालदार, रिपोर्ट.”

“बावीस पेशंट हजर, साहेब. उभे पाच.”

पाचवे ते स्वतः.

एकोणीस दिवस त्यांनी रिपोर्ट दिला. विसाव्या दिवशी ओठ हलले, आवाज आला नाही. नाईक गप्प राहिला. सगळा वॉर्ड आपणहून सावधान झाला. दुपारी दोन दहाला कोंडिबा गेले. मी वेळ लिहिली, नावाआधी हुद्दा लिहिला.

त्या दयेचा मला अजून संताप येतो. माझ्या त्या, आणि आता तुझ्या या.

तर रविवारी ये, चुकवू नकोस. येताना कामशेतहून तांदूळ आण, निवडलेला नको. आणि जाताना सूप माझ्या खाटेशी ठेवून जा.