माळावरची नऊ खळी

लातूरजवळ जहागीरदारांचा पाहुण्यांसाठी बांधलेला बंगला होता. त्यामागच्या माळावर गोल्फ चाले. गवत तिथं जगत नसे, म्हणून चेंडूच्या भोकाभोवती तेल शिंपडलेली वाळू पसरलेली. अशी नऊ भोकं. सिद्धराम बारा वर्षं ती वाळू सारखी करत आला होता.

१९४३च्या हिवाळ्यात पगारावर खेळणारा एक साहेब कलकत्त्याहून आला. चहाच्या वेळेआधीच नऊही भोकं उरकून हसला, म्हणाला, हे मैदान लेकरांचं. जहागीरदारांना ते झोंबलं. सिकंदराबादचा इंजिनिअर बोलवून मैदान नव्यानं करायचं ठरलं. तो आपली माणसं आणणार होता.

"म्हंजी मी घरी," सिद्धराम म्हणाला.

"तुला येतं काय? वाळू ओढणं," कारभारी बापूसाहेब म्हणाले.

"एक साल द्या, मालक. पुढल्या खेपेला साहेब हसला तर मी आपल्या पायानं जातो."

घरी बायकोनं, शरणम्मानं, कपाळावर हात मारला. "कधी काठी हातात धरली न्हाई, अन् साहेबाला हरवाया निघालाय!"

"काठी त्याला ठावी. भुई मला ठावी हाय."

साल मिळालं. त्यानं वाळू उपसली. ज्वारीच्या मळणीला करतात तशी खळी केली. माती भिजवून बैलांकडून तुडवली, धुम्मसानं ठोकली, शेणानं सारवली. पाणी साचू नये म्हणून खळं मधे फुगीर, कडेला उतरतं. त्यावर चेंडूही थांबेना. उन्हाळ्यात तडे गेले, पावसात पोपडे निघाले. तो पुन्हा ठोकत राहिला. वाकून वाकून भुई माणसाची होत नाही. तिची खोड तेवढी कळते.

पुढल्या हिवाळ्यात तोच साहेब पुन्हा आला. खिळ्यांच्या बुटांनी पहिल्या खळ्यावर चढणार, तोच सिद्धराम आडवा झाला.

"बूट काढा."

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" बापूसाहेब ओरडले.

"खळ्यात पायताण घालून कोण येतंय, मालक? मीबी न्हाई येत."

साहेबानं वाकून जमिनीवरून हात फिरवला. मग खाली बसून नाड्या सोडल्या.

त्यानं चेंडू हलकेच ढकलला. तो भोकाला वळसा घालून कडेखाली गेला. परत मारला, तर पलीकडे उतरला. सहाव्या खेपेला आत पडला. नवव्या खळ्यापर्यंत साहेबाचा सदरा पाठीला चिकटला होता. तो एकदाही हसला नाही.

"कल फिर खेलेंगे," एवढंच म्हणाला.

बापूसाहेब खाकरले. "सिद्धराम, उद्यासाठी सारवून ठेव."

"हाव," म्हणत तो शेण आणायला गोठ्याकडे निघाला.