आमेन म्हणणारी भागूबाई

हट्टा गावच्या भागूबाईला प्रार्थना येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्यानं तिच्या चुलीपाशी पाच मिनिटं बसून पाहावं. भाकरी थापता थापता तिचं येशूशी भांडण चालू असायचं. गुडघा काहून धरलास, हळद काढायला बाया काहून धाडत नाहीस. पण चारचौघांत तिची दातखीळ बसायची. तिथली प्रार्थना तिचा नवरा नरसिंग करायचा. त्यानं ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणून आवाज लावला की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प. भागूबाईच्या वाट्याला शेवटचा एकच शब्द यायचा, आमेन. चौतीस वर्षं तिनं तो इमानेइतबारे म्हटला, आणि सगळ्यांच्या आधी म्हटला.

नरसिंगला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा चर्चच्या मंडळीची उपास-प्रार्थना तिच्या घरी ठरली. पाळक रणजीतसाहेब म्हणाले, सुरुवात घरच्या माणसानं करायची. भागूबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. घरचं माणूस म्हणजे आता तीच. खरं तर रडू यायचं, पण आलं हसू, आणि पदर तोंडात कोंबून ती मोरीत पळाली. नरसिंगच्या घरात प्रार्थना मुकी झाली असं लोक म्हणतील, ही एकच धास्ती तिला लागून राहिली.

लेक शीतलनं वसमतहून पुस्तकी भाषेत एक प्रार्थना लिहून पाठवली. भागूबाई ती आठ दिवस घोकत होती. शेजारच्या गंगूताईंनी विचारलं, काय पुटपुटता? तिनं सांगितलं, शुक्रवारी उपास-प्रार्थना आहे, वीस माणसं येतील. गंगूताईंचे आठवड्याला तीन उपास. त्यांनी त्यातला पहिला शब्द तेवढा पकडला आणि दुसरा सोडून दिला. आता ख्रिस्ती माणसाचा हा उपास म्हणजे प्रार्थना संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. गंगूताईंचा उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी.

शुक्रवारी सतरंजीवर वीस माणसं डोळे मिटून बसली. भागूबाई उभी राहिली. पोटात अन्न नाही, डोकं हलकं झालेलं. ‘हे सर्वसमर्थ’ एवढं तोंडातून निघालं आणि डोक्यातला पुढचा कागद कोरा झाला. भिंतीवर नरसिंगचा फोटो. तोही काही मदत करीना.

तेवढ्यात दार ढकलून गंगूताई आत. हातात भलं मोठं पातेलं.

“उपास हाय नं तुमच्याकडं? साबुदाण्याची खिचडी आनली. वीस माणसाची हाय बराबर.”

तुपाचा आणि दाण्याच्या कुटाचा वास घरभर पसरला. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. पाळकसाहेबांनी डोळे आणखी घट्ट मिटले. भागूबाईला मोरीतलं ते हसू पुन्हा आलं, आणि या खेपेला पदर तोंडापर्यंत पोचलाच नाही. ती हसत सुटली, आणि हसता हसता चुलीपाशी बोलायची तशी बोलू लागली.

“देवा, आता तूच बघ. आमी दोन वाजेपस्तोर उपाशी ऱ्हातो, तवर ही खिचडी गरम ठेव. आन् गंगूताईला राग येऊ देऊ नको. तू माफ करतोस, ही करत न्हाई. ह्या बाईनं माजा मालक गेल्यापासून एक सांज मला एकटं बसू देलं न्हाई. तिचा बी गुडघा दुखतो, त्याला आराम दे, माज्या आदी दे. बस, एवढंच.”

सतरंजी हसून हसून हलत होती. भागूबाई थांबली. आमेन कुणी म्हणेना. तो शब्द वर्षानुवर्षं आधी तिच्याच तोंडून यायचा, बाकीचे तिच्या मागून. तिला एकदम नरसिंगची आठवण आली आणि डोळे भरले.

पातेलं धरून उभ्या असलेल्या गंगूताईंचेही डोळे भरले होते. त्यांनी हळूच विचारलं, आता काय म्हणायचं असतं?

“आमेन म्हना, गंगूताई,” भागूबाई म्हणाली. “चौतीस वर्सं म्या म्हनलं. आज प्रार्थना मी केली, तुमी म्हना.”

गंगूताईंनी पातेलं कमरेवर सावरलं आणि सगळ्यांच्या आधी म्हटलं.